हिशेबशास्त्राचा पदवीधर आणि त्याची उमेदवारी : आफ्रिकी विद्यापीठांतील कार्यसंलग्न शिक्षणाचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

हिशेबशास्त्राची पदवी घेऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यापुढे एखाद्या व्यापाऱ्याची प्रमाणके, बँकेचा खातेउतारा आणि अर्धवट लिहिलेले रोख पुस्तक ठेवले व महिनाअखेरचे हिशेब तयार करावयास सांगितले, तर तो पुष्कळदा गोंधळून जातो. द्विनोंदी पद्धतीचे तत्त्व त्यास अवगत असते. घसारा आकारण्याच्या निरनिराळ्या पद्धतीही तो बिनचूक सांगू शकतो. परंतु परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत सर्व आकडे निवडून, स्वच्छ करून दिलेले असतात. कचेरीत मात्र कोणता कागद हवा, कोणता गहाळ आहे आणि कोणत्या कागदावर विश्वास ठेवावा, हे ठरविण्यापासूनच कामास आरंभ होतो. ही पारख केवळ पुस्तकातून येत नाही. ती ज्याच्या अंगी नाही त्यास कामावर घेण्यास मालक कचरतो, आणि काम मिळाल्याखेरीज ती अंगी येत नाही. पदवीधराची कोंडी होते ती या ठिकाणी.

ही अडचण कोणत्याही एका देशापुरती नाही. परंतु आफ्रिका खंडात तिला विशेष तीव्रता आलेली दिसते. तेथील बहुसंख्य राष्ट्रे १९५७ ते १९७५ या काळात स्वतंत्र झाली. त्यानंतर विद्यापीठांच्या व त्यांतील विद्यार्थ्यांच्या संख्येत मोठी वाढ झाली. संघटित व्यापार व उद्योग मात्र त्या मानाने वाढले नाहीत. असंख्य कुटुंबांचा चरितार्थ लहान शेती, किरकोळ व्यापार आणि कोठेही नोंद नसलेले छोटे धंदे यांवर चालतो. परिणामी एकीकडे हिशेबशास्त्राचे पदवीधर नोकरीच्या शोधात हिंडत असतात, तर दुसरीकडे अनुभवी लेखापाल मिळत नाहीत अशी तक्रार ऐकू येते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. पदवीधर आणि लेखापाल यांच्यामध्ये उमेदवारीचा एक टप्पा आहे, आणि तो ओलांडण्याची सोय सर्वांना सारखी उपलब्ध नाही.

विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमातच प्रत्यक्ष कामाचा काळ गुंफावयाचा, त्या कामावर विद्यापीठ व मालक या दोघांनीही देखरेख ठेवावयाची आणि कामातून आलेला अनुभव पुन्हा वर्गातील अध्ययनाशी जोडावयाचा, या पद्धतीस ‘कार्यसंलग्न शिक्षण’ असे म्हणता येईल. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी अशी व्यवस्था सुरू केली, तेव्हापासून तिचा सुसंघटित इतिहास सुरू होतो. ‘रोजगारक्षमता’ हा शब्दही येथे काटेकोर अर्थाने घ्यावयास हवा. नोकरी मिळणे हे बाजारातील तेजीमंदीवरही अवलंबून असते आणि ते विद्यापीठाच्या हाती नसते. सोपविलेले काम दुसऱ्याच्या आधाराशिवाय पार पाडण्याची आणि त्याबद्दल उत्तर देण्याची पात्रता एवढाच रोजगारक्षमतेचा अर्थ प्रस्तुत लेखात अभिप्रेत आहे.

आफ्रिकी देशांत कार्यसंलग्न शिक्षणाच्या योजनांची वाण आहे असे नाही. त्यांतील कित्येक योजनांनी अर्धशतक पार केले आहे. असे असूनही त्यांचे फळ विषम का मिळते, याचा शोध घेतल्यास दोन गोष्टी निर्णायक ठरतात असे दिसून येईल : उमेदवाराच्या शिकण्याबद्दल कोणा एकास जबाबदार धरले आहे काय, आणि उमेदवारीची जागा मिळणे हे ओळखीवर अवलंबून आहे की नियमावर. या दोन कसोट्यांच्या आधारेच पुढील विवेचन केले आहे.

२. उमेदवारीचे दार

ब्रिटिश परंपरेत लेखापाल हा प्रथम विद्यापीठात घडत नसे. तो एखाद्या सनदी लेखापालाच्या पेढीत करारबद्ध उमेदवार म्हणून राही आणि काम करता करता परीक्षा देई. आपल्याकडील वाचकांस ही पद्धत परिचित आहे. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सनदी लेखापाल संस्थेची ‘आर्टिकलशिप’ हे तिचेच रूप होय. या पद्धतीचा गुण असा की, शिकविणारा आणि काम करवून घेणारा एकच असतो. तिचा दोषही तेथेच आहे. पेढीच्या मालकाने दार उघडले नाही, तर कितीही बुद्धिमान विद्यार्थी व्यवसायात शिरू शकत नाही.

वसाहतकालीन आफ्रिकेत हे दार आफ्रिकी तरुणांस जवळजवळ बंदच होते. नायजेरियाचे अकिंटोला विल्यम्स यांस सनदी लेखापाल होण्यासाठी इंग्लंडला जावे लागले. १९४९ मध्ये ते ही पात्रता मिळविणारे पहिले नायजेरियन ठरले आणि १९५२ मध्ये त्यांनी लागोस येथे स्वतःची पेढी काढली. दक्षिण आफ्रिकेतील स्थिती याहून कठीण होती. वर्णभेदाच्या राजवटीत उमेदवार घेणाऱ्या पेढ्या गोऱ्यांच्या हाती होत्या. त्या देशात पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी सनदी लेखापाल होण्यास १९७६ साल उजाडावे लागले. त्यांचे नाव वाइझमन न्कुहलू. एका संपूर्ण समाजाची बुद्धी उमेदवारीच्या उंबरठ्यावर अडून राहिली होती, असा या घटनेचा अर्थ आहे.

स्वातंत्र्यानंतर निरनिराळ्या देशांनी स्वतःच्या व्यावसायिक संस्था उभारल्या. घानामध्ये १९६३ साली, नायजेरियात १९६५ साली, टांझानियात १९७२ च्या कायद्याने, केनियात १९७७ च्या कायद्यानुसार १९७८ साली आणि युगांडात १९९२ साली अशा संस्था अस्तित्वात आल्या. २०११ मध्ये त्यांच्यासारख्या राष्ट्रीय संस्थांचा अखिल आफ्रिकी महासंघही स्थापन झाला. दार आता देशांतर्गत झाले. तथापि प्रत्यक्ष अनुभवाची अट कायम राहिली, आणि ती योग्यच होती. लेखापालांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या शैक्षणिक मानकांपैकी पाचवे मानक याच विषयाचे आहे. त्याच्या पूर्वीच्या रूपात किमान तीन वर्षांच्या अनुभवाची अपेक्षा होती. जुलै २०१५ पासून लागू झालेल्या सुधारित रूपात मात्र केवळ कालावधी मोजण्याऐवजी उमेदवाराने प्रत्यक्षात काय आत्मसात केले हे मोजण्याचा मार्गही मान्य करण्यात आला. हा बदल महत्त्वाचा आहे. त्यामुळे ‘किती दिवस बसला’ या प्रश्नाच्या जोडीस ‘काय करू लागला’ हा प्रश्न अधिकृतपणे आला.

३. तीन देशांतील तीन रचना

आता नायजेरिया, झिंबाब्वे आणि दक्षिण आफ्रिका या तीन देशांतील व्यवस्था पाहू. त्या तीन भिन्न तत्त्वांवर उभ्या असल्याने त्यांची तुलना उपयुक्त ठरते.

नायजेरियात ही जबाबदारी राज्यसंस्थेने उचलली. १९७१ मध्ये औद्योगिक प्रशिक्षण निधीची स्थापना झाली. मालकांनी आपल्या वार्षिक वेतनखर्चाच्या एक टक्का इतकी वर्गणी या निधीस द्यावयाची असे ठरले. १९७३ मध्ये त्याच निधीने विद्यार्थ्यांसाठी औद्योगिक कार्यानुभवाची राष्ट्रीय योजना सुरू केली. पॉलिटेक्निकांतील विद्यार्थ्यांस चार महिने आणि विद्यापीठांतील विद्यार्थ्यांस सहा महिने प्रत्यक्ष कामावर पाठवावयाचे, त्यांनी रोजच्या कामाची नोंदवही ठेवावयाची आणि शिक्षकांनी कामाच्या ठिकाणी भेट द्यावयाची, अशी तिची रूपरेषा आहे. परंतु योजनेचा जन्म तांत्रिक मनुष्यबळाच्या गरजेतून झाला असल्याने विद्यापीठांमध्ये तिचा रोख मुख्यतः अभियांत्रिकी, विज्ञान व कृषी या शाखांकडे राहिला. हिशेबशास्त्राच्या विद्यार्थ्यास तिचा लाभ पॉलिटेक्निकात अधिक मिळतो. तेथे राष्ट्रीय पदविकेनंतर उच्च पदविकेकडे वळण्यापूर्वी एक वर्ष प्रत्यक्ष कामात घालविण्याची प्रथा आहे. विद्यापीठाच्या पदवीधरास पदवीनंतर १९७३ सालीच सुरू झालेली एक वर्षाची राष्ट्रीय युवक सेवा करावी लागते खरी. पण त्या सेवेत कित्येकांची नेमणूक शाळेत शिक्षक म्हणून होते. देशसेवेच्या दृष्टीने ती मोलाची असली, तरी तिच्यातून लेखापाल घडतोच असे नाही.

झिंबाब्वेत हा अनुभव पदवीच्या पोटातच घालण्यात आला. बुलावायो येथे १९९१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात पदवीच्या चार वर्षांपैकी तिसरे वर्ष कामाच्या ठिकाणी काढावयाचे आणि चौथ्या वर्षी वर्गात परतावयाचे, अशी योजना आहे. शैक्षणिक दृष्ट्या ही रचना उत्तम म्हणावी लागेल. कारण अनुभव घेतल्यानंतर त्यावर विचार करण्यास एक संपूर्ण वर्ष हाती उरते. वित्तसंस्थेत वर्ष काढून आलेला विद्यार्थी लेखापरीक्षणाच्या वर्गात निराळेच प्रश्न विचारतो. मात्र अशी योजना देशाच्या अर्थव्यवस्थेशी बांधलेली असते. २००८ च्या सुमारास झिंबाब्वेत अभूतपूर्व चलनवाढ झाली आणि २००९ मध्ये देशी चलन व्यवहारातून गेले. उद्योग बंद पडले की उमेदवारीच्या जागाही आटतात. अभ्यासक्रमातील सक्ती मात्र तशीच राहते. याची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. चलनवाढीत ऐतिहासिक किमतीवर आधारलेले हिशेब कसे निरर्थक होतात, हे पाठ्यपुस्तकात एका प्रकरणापुरते असते. त्या वर्षी कचेरीत बसलेल्या विद्यार्थ्याने ते आपल्या डोळ्यांनी पाहिले.

दक्षिण आफ्रिकेत दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहताना दिसतात. पहिला व्यावसायिक संस्थेचा. विद्यापीठातील शिक्षणानंतर उमेदवार मान्यताप्राप्त प्रशिक्षण-कचेरीशी करार करतो. पदवीधरास हा करार सामान्यतः तीन वर्षांचा, तर पदवीविना येणाऱ्यास पाच वर्षांचा असतो. कराराची नोंद होते, ठराविक काळाने उमेदवाराच्या कौशल्यांचे परीक्षण होते आणि हे परीक्षण करणारी व्यक्ती नेमून दिलेली असते. लेखापरीक्षकांच्या पेढ्यांबाहेर, बँका व उद्योगसंस्थांतही असा करार करता येतो. दुसरा प्रवाह तंत्रशिक्षणसंस्थांचा. १९७९ पासून ‘टेक्निकॉन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थांनी पदविकेचा एक भाग कामाच्या ठिकाणी पुरा करण्याची परंपरा रुजविली. २००० नंतरच्या दशकात या संस्थांचे तंत्रज्ञान विद्यापीठांत किंवा सर्वसमावेशक विद्यापीठांत रूपांतर झाले, तेव्हा ही परंपरा विद्यापीठीय क्षेत्रात आली. तेथील उच्च शिक्षण परिषदेने २०११ मध्ये कार्यसंलग्न शिक्षणासंबंधी एक मार्गदर्शिकाही प्रसिद्ध केली. तिचा विचार पुढे करावयाचा आहे.

४. योजना दुबळी कोठे पडते

कागदावर पाहता यांपैकी कोणतीही योजना सदोष वाटत नाही. तिची परीक्षा होते ती विद्यार्थी कचेरीत पाऊल टाकतो त्या दिवशी. हिशेबाची पुस्तके ही मालकाची गुप्त गोष्ट असते. चार-सहा महिन्यांनी निघून जाणाऱ्या तरुणाच्या हाती ती देण्यास कोणीही मालक सहजासहजी राजी होत नाही. ज्या ज्येष्ठ हिशेबनिसाने शिकवावयाचे, त्याचे स्वतःचे काम त्यामुळे कमी होत नाही. मग विद्यार्थ्यास कागद फायलीत लावणे, प्रती काढणे, टपाल पोहोचविणे अशी कामे मिळतात. नोंदवहीत तो ‘लेखाविभागात काम केले’ असे लिहितो, वरिष्ठ सही करतो, आणि एकदा भेट देऊन गेलेला प्राध्यापक त्या सहीवर गुण देतो. येथे कोणीही असत्य बोललेले नाही; तरीही शिक्षण घडलेले नाही.

या दोषाचे मूळ आळसात शोधणे अन्यायाचे होईल. ते रचनेत आहे. विद्यापीठ विद्यार्थ्यास पाठविते आणि शिक्षणाची जबाबदारी मालकावर गेली असे मानते. मालक त्यास जागा देतो आणि शिक्षणाची जबाबदारी विद्यापीठाचीच आहे असे मानतो. दोहोंच्या मध्ये विद्यार्थी निराधार राहतो. दक्षिण आफ्रिकेतील करारपद्धतीचे सामर्थ्य येथेच दिसून येते. तेथे कचेरीस मिळालेली मान्यता ही उमेदवारास योग्य काम व देखरेख देण्यावर अवलंबून असते, म्हणून शिकविणे हा कचेरीच्या स्वतःच्या हिताचा भाग बनतो.

दुसरा दोष जागेच्या वाटपाचा. बहुतेक ठिकाणी जागा शोधण्याचे काम विद्यार्थ्यावरच सोपविलेले असते. समजा, नैरोबीत एकाच वर्गात दोन विद्यार्थी आहेत. एकाचा मामा बँकेत अधिकारी आहे. दुसरी विद्यार्थिनी दूरच्या खेड्यातून आली असून शहरात तिचे कोणी नाही. पहिल्यास एका शब्दावर जागा मिळते. दुसरी वीस कचेऱ्यांचे उंबरठे झिजविते, शेवटी बिनपगारी जागा पत्करते आणि खोलीभाडे व प्रवासखर्च यांसाठी कर्ज काढते. परीक्षेत दोघांनाही सारखेच गुण होते. कार्यसंलग्न शिक्षणाने विषमता कमी व्हावी अशी अपेक्षा असते. पण जागेचे वाटप ओळखीवर सोडले, तर हेच शिक्षण तिला विद्यापीठाचा शिक्का मारून पक्की करते. १९७६ पूर्वीचे ते बंद दार अशा वेळी निराळ्या स्वरूपात पुन्हा उभे राहते.

हे ओळखूनच दक्षिण आफ्रिकेतील सनदी लेखापालांच्या संस्थेने ‘थुथुका’ या नावाचा उपक्रम हाती घेतला आणि २००५ मध्ये त्याचा शिष्यवृत्ती निधी उभारला. मागे राहिलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांस शुल्क, निवास व भोजन यांबरोबरच जादा मार्गदर्शनाची सोय करावयाची आणि पदवीनंतर त्यांना उमेदवारीच्या करारापर्यंत नेऊन पोहोचवावयाचे, अशी त्याची दृष्टी आहे. शिष्यवृत्ती पदवीपाशी थांबली तर ती अपुरी पडते, हे त्यामागील सूत्र अन्य देशांनीही ध्यानात घेण्याजोगे आहे.

५. शिंप्याच्या दुकानातील क्रम

उमेदवारास काम कोणत्या क्रमाने द्यावे, या प्रश्नाचे एक अत्यंत बोधप्रद उत्तर आफ्रिकेतच मिळाले आहे, आणि तेही विद्यापीठाबाहेर. मानवशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी १९७० च्या दशकात लायबेरियातील वाई व गोला जमातींच्या शिंप्यांच्या दुकानांत उमेदवारीचा अभ्यास केला. एटिएन वेंगर यांच्यासमवेत त्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या अभ्यासाचा आधार घेतलेला आहे, आणि आज जगभर चर्चिला जाणारा परिस्थितिनिष्ठ अध्ययनाचा सिद्धान्त त्यातून पुढे आला.

कपडा तयार होतो तो प्रथम बेतून, नंतर शिवून आणि शेवटी काजे-बटणे व तुरपाई करून. त्या दुकानांत उमेदवार मात्र उलट दिशेने शिकत. आरंभी बटणे लावणे व कडा दुमडून टाके घालणे, मग शिवण, आणि सर्वांच्या अखेरीस कापड बेतणे. कपड्यांचाही क्रम ठरलेला होता. टोप्या व मुलांचे कपडे आधी, उंची पोशाख शेवटी. यामागील व्यवहारज्ञान उघड आहे. बटण चुकले तर उसवता येते. कात्री चुकली तर कापडच वाया जाते. शिवाय अखेरचा हात फिरविणाऱ्याच्या दृष्टीसमोर संपूर्ण कपडा असतो, त्यामुळे आपला टाका कशासाठी आहे हे त्यास पहिल्या दिवसापासून कळते.

हिशेबशास्त्राच्या उमेदवारीस हे तत्त्व लावून पाहावे. वर्गात आपण कीर्दीपासून आरंभ करतो, खतावणी व तेरीज यांवरून पुढे जातो आणि ताळेबंद शेवटी दाखवितो. कचेरीतील उमेदवारास मात्र आरंभी तयार झालेला ताळेबंद हाती देऊन त्यातील एकेक आकडा मूळ प्रमाणकापर्यंत शोधीत नेण्यास सांगावे. चूक झाली तरी पुस्तकांस धक्का लागत नाही आणि समग्र रचना डोळ्यांपुढे राहते. पुढच्या टप्प्यात बँक जुळवणी पत्रक द्यावे. त्यातील चूक त्याच महिन्यात उघडकीस येते. त्यानंतर धनको व ऋणको यांच्या खात्यांची पडताळणी, मग वर्षअखेरच्या समायोजना, आणि अखेरीस संशयित कर्जासाठी किती तरतूद करावी यासारखे, जेथे नियमापेक्षा निर्णयबुद्धीची गरज लागते असे काम. संशयित कर्जाची तरतूद ही हिशेबनिसाची कात्री होय. ती पहिल्या महिन्यात हाती देता येणार नाही, परंतु मुदत संपेपर्यंत कधीच हाती दिली नाही, तर उमेदवारी पुरी झाली असे म्हणता येणार नाही.

असा क्रम आधी लेखी ठरवून मालक, विद्यार्थी व विद्यापीठ या तिघांनी त्यावर सही केली, तर नोंदवहीचे स्वरूपच पालटते. ‘लेखाविभागात काम केले’ या वाक्यास तीत जागा उरत नाही. कोणता टप्पा कोणत्या तारखेस ओलांडला आणि कोणाच्या देखरेखीखाली ओलांडला, हेच लिहावे लागते.

६. जागा अपुऱ्या असता

कितीही उत्तम योजना आखली, तरी सर्व विद्यार्थ्यांस पुरतील इतक्या संघटित कचेऱ्या पुष्कळ आफ्रिकी देशांत नाहीत. येथे वर उल्लेखिलेली दक्षिण आफ्रिकी मार्गदर्शिका उपयोगी पडते. तिने कार्यसंलग्न शिक्षणाचे चार प्रकार मानले आहेत : कार्योन्मुख सैद्धान्तिक अध्यापन, समस्याधारित अध्ययन, प्रकल्पाधारित अध्ययन आणि कार्यस्थळावरील अध्ययन. म्हणजे कचेरीत जाऊन बसणे हा त्यांतील केवळ एक प्रकार झाला. बदललेल्या नावांची व खोडाखोड केलेली प्रमाणके विद्यार्थ्यांपुढे टाकून त्यांतून हिशेब उभे करावयास लावणे, हे वर्गातही करता येते. मात्र त्यासाठी प्राध्यापकाने स्वतः अशी सामग्री जमविली पाहिजे आणि तीत जाणूनबुजून अपूर्णता ठेवली पाहिजे. एक पावती गहाळ असावी, एक रक्कम दोनदा नोंदलेली असावी. स्वच्छ उदाहरणांनी आरंभी सांगितलेली पारख निर्माण होत नाही.

दुसरा मार्ग लहान व्यापाऱ्यांकडे वळण्याचा आहे. केनियात २००७ मध्ये एम-पेसा ही मोबाइल फोनवरून पैसे पाठविण्याची सेवा सुरू झाली आणि लवकरच किरकोळ व्यापारातील देण्याघेण्यात ती सर्रास वापरली जाऊ लागली. ज्या दुकानदाराने आयुष्यात रोख पुस्तक लिहिले नाही, त्याच्या फोनमध्ये आता व्यवहारांची तारीखवार यादी आपोआप तयार होते. परंतु त्या यादीत विक्रीची रक्कम, भावाने पाठविलेले पैसे आणि मुलाच्या शाळेचे शुल्क ही सर्व एकत्र मिसळलेली असतात. धंदा आणि घर यांचे व्यवहार वेगळे काढणे हे हिशेबशास्त्रातील स्वतंत्र अस्तित्वाच्या संकल्पनेचे मूळ काम होय. पाच विद्यार्थ्यांचा गट एका प्राध्यापकाच्या देखरेखीखाली बाजारातील दहा दुकानदारांचे असे हिशेब वर्षभर लिहू लागला, तर विद्यार्थ्यांस खरा अनुभव मिळेल आणि दुकानदारास कर भरताना किंवा कर्ज मागताना दाखविण्याजोगे पत्रक हाती येईल. शिवाय ज्या अर्थव्यवस्थेत या पदवीधरांस पुढे जगावयाचे आहे, तिचे खरे रूप त्यांना कळेल. मोठ्या लेखापरीक्षण-पेढीतील उमेदवारी हे एकच उद्दिष्ट ठेवल्यास बहुसंख्य विद्यार्थी आरंभीच अपयशी ठरतात.

अर्थात या मार्गासही मर्यादा आहेत. लहान दुकानात ज्येष्ठ लेखापाल नसतो. म्हणून तेथे देखरेखीचा संपूर्ण भार विद्यापीठावर येतो. दुकानदाराची गुप्तता राखण्याचा नियम विद्यार्थ्यास लेखी बांधून घ्यावा लागतो. आणि जटिल कंपनी-हिशेब व आंतरराष्ट्रीय मानके यांचा अनुभव येथे मिळत नाही. यास्तव हा मार्ग कचेरीतील उमेदवारीस पूरक मानावा, पर्याय मानू नये.

७. निष्कर्ष

वरील विवेचनाचे तात्पर्य असे सांगता येईल. कामाचा काळ अभ्यासक्रमात घातल्याने पदवीधर आपोआप रोजगारक्षम होत नाही. नायजेरियाच्या उदाहरणावरून दिसते की, निधी व कायदा असूनही योजनेचा रोख दुसऱ्या शाखांकडे असेल, तर हिशेबशास्त्राचा विद्यार्थी बाजूस पडतो. झिंबाब्वेच्या उदाहरणावरून दिसते की, रचना निर्दोष असली तरी अर्थव्यवस्था कोसळताच जागा नाहीशा होतात, आणि म्हणून वर्गातील पर्यायी सामग्री आधीपासून सिद्ध ठेवणे भाग आहे. दक्षिण आफ्रिकेच्या उदाहरणावरून दिसते की, नेमलेला परीक्षक, मान्यताप्राप्त कचेरी आणि गरीब विद्यार्थ्यास उंबरठ्यापर्यंत पोहोचविणारा निधी या गोष्टी एकत्र आल्या, तर पूर्वी ज्यांच्यावर दार बंद होते त्यांनाही आत येता येते.

मूल्यमापनाचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. हजेरीपत्रक व प्रशंसापत्र यांवर गुण देण्याऐवजी, उमेदवारी संपल्यावर विद्यार्थ्यास अपरिचित व अपूर्ण कागदपत्रांचा एक संच द्यावा आणि त्याने काय मागितले, काय नाकारले व कोणत्या आकड्याविषयी शंका काढली हे पाहावे. अशी तोंडी व लेखी परीक्षा घेण्यास वेळ लागतो आणि लहान विभागांस ती जड जाईल. पण नोंदवहीतील सह्या मोजण्याहून तिचे प्रामाण्य निश्चितच अधिक आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असे मानण्याचे कारण नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांतही कार्यस्थळावरील प्रशिक्षणास स्थान मिळाले आहे, आणि वाणिज्य विभागांतील प्राध्यापकांस विद्यार्थ्यांसाठी जागा शोधण्याचे व त्यांच्या नोंदवह्या तपासण्याचे काम आता करावे लागते. लागोस, बुलावायो आणि जोहान्सबर्ग येथील अनुभव त्यांच्या उपयोगी पडेल. विद्यार्थ्यास पाठविण्यापूर्वी प्रत्येक विभागाने स्वतःस तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : त्याच्या शिकण्याबद्दल त्या कचेरीत नावाने कोण जबाबदार आहे, मुदत संपेपर्यंत कोणते निर्णयाचे काम त्याच्या हाती येणार आहे, आणि ज्या विद्यार्थ्याची शहरात कोणाशीही ओळख नाही, त्यास ही जागा कशी मिळणार आहे. या प्रश्नांची लेखी उत्तरे तयार नसतील, तर तेवढ्यापुरती ती जागा उमेदवारीस योग्य नाही असेच मानावे.